जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करण्यापूर्वी

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पेढ्यांवर आणि कारखान्यांच्या ऑफिसात दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेले कॉम्प्युटर आजही चालू आहेत. यात कंजुषीचा भाग थोडा आणि गरजेचा भाग जास्त आहे. भरतकामाच्या मशीनचे डिझाइन काढणारे सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालते आणि त्याचे डोंगल जुन्या पोर्टलाच बसते. उर्दू लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे इनपेजच्या जुन्या फायलींचा साठा असतो. हिशेब टॅलीत आहे आणि मेहताजींचा हात त्याच कीबोर्डवर बसला आहे. काम होत असताना मशीन बदलायचे कशाला, हा व्यापाऱ्याचा सवाल चुकीचा नाही.

अडचण इंटरनेटवर येते. टेम्पो भरून दारात उभा असतो आणि ई-वे बिल काढता काढता ब्राउझर गायब होतो. जीएसटीचे रिटर्न भरण्याच्या शेवटच्या दिवशी पान गोठते. पाली-बालोतऱ्याचा प्रोसेसवाला फोनवर सांगतो की मेल सकाळीच पाठवला, आणि इकडे आउटलुकचे चक्र फिरतच राहते. मग दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावले जाते. तो पाच मिनिटे पाहतो आणि म्हणतो, "चाचा, फॉरमॅट मारावा लागेल."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहीत आहे. फॉरमॅट हा काही वेळा खरा इलाज असतो, पण बहुतेक वेळा त्याची गरज नसते. आणि गरज असली तरी त्याआधी एक काम करायचे असते, जे न केल्यास पेढीचा आठ-दहा वर्षांचा पत्रव्यवहार एका तासात नाहीसा होतो. ते काम कोणते, याकडे पुढे येतोच. आधी आजार ओळखण्याविषयी.

"कॉम्प्युटर बंद पडतो" या तक्रारीत निरनिराळे आजार लपलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. एकच पान मरते, पण बाकीची पाने चालू राहतात, हा एक प्रकार. पूर्ण ब्राउझर नाहीसा होतो, मात्र टॅली किंवा एक्सेल चालूच असते, हा दुसरा. सगळे मशीनच गोठते, निळा पडदा येतो किंवा ते आपोआप पुन्हा सुरू होते, हा तिसरा. आणि ब्राउझर ठीक उघडतो, पण साइटच आत घेत नाही, हा चौथा. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी आपल्या बाबतीत यांपैकी काय होते, हे दोन दिवस नीट पाहावे. किती वाजता बंद पडले, त्या वेळी काय काय उघडे होते, हे रोजमेळाच्या कडेला टिपून ठेवले तरी पुरे.

पडद्यावर येणारा इंग्रजी संदेश हा यातला सर्वात मोठा पुरावा आहे आणि आपण तोच घालवतो. आमच्या पिढीतले पुष्कळ जण उर्दू शाळेतून थेट गादीवर आले. इंग्रजी चौकट दिसली की ती वाचण्याआधीच बोट ओकेवर जाते. न वाचता आले तरी हरकत नाही, मोबाइलने त्याचा फोटो काढावा. आजकाल मोबाइल त्या फोटोतल्या मजकुराचे भाषांतरही करून देतो. जाणकाराला तो फोटो दाखवला तर त्याचे निम्मे काम तिथेच होते.

तिसऱ्या प्रकारापासून सुरुवात करतो, कारण आपल्या धंद्यात तो इतरांपेक्षा जास्त आढळतो. मागामागातून उडणारे कापसाचे तंतू आणि सुताची धूळ फक्त कारागिराच्या छातीत जात नाही, कॉम्प्युटरच्या डब्यातही जाते. प्रोसेसरवर एक पंखा असतो आणि त्याच्या खाली धातूच्या पातळ पात्यांचा गठ्ठा असतो. त्या पात्यांच्या फटीत तंतू जाऊन नमद्यासारखा थर बसतो. पंखा फिरताना दिसतो, पण हवा आत जात नाही. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आधी वेग कमी करतो आणि तरीही ताप उतरला नाही तर मशीन बंद करतो. ब्राउझर हा प्रोसेसरला सर्वात जास्त राबवणारा प्रोग्राम असल्यामुळे नाव ब्राउझरचे होते. सकाळी थंड मशीन तासभर नीट चालते, दुपारी मात्र दर वीस मिनिटांनी बंद पडते, असे असेल तर शंका आधी उष्णतेवर घ्यावी.

यासाठी वायर काढून डब्याची बाजूची पाटी उघडावी, हात एकदा धातूच्या भागाला लावून मग मऊ ब्रशने धूळ काढावी. ब्लोअर वापरायचा तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे तो उलटसुलट गरगर फिरणार नाही. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नये. तिचा दाब फार असतो आणि तिच्यातून पाण्याचे थेंबही येतात. प्रोसेसर आणि पंख्याच्या मधला लेप आठ-दहा वर्षांत वाळून पापडासारखा होतो; तो दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्यावा. खर्च किरकोळ आहे. डबा उघडलाच आहे तर मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांकडे एक नजर टाकावी. त्यांची डोकी सपाट असली पाहिजेत. फुगलेली किंवा गळलेली दिसली तर बोर्डाचे आयुष्य संपत आले आहे, आणि मग सॉफ्टवेअरवर कितीही मेहनत घेतली तरी उपयोग होणार नाही.

रॅमचाही एक साधा उपाय आहे. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, चुरा झटकावा आणि पट्टी खटकन आवाज येईपर्यंत परत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून एकेक दिवस मशीन चालवून पाहावे. जिच्यावर मशीन कोसळते ती पट्टी खराब. विंडोज ७ मध्ये आणि त्याच्या पुढच्या विंडोजमध्ये रॅम तपासण्याचा प्रोग्राम आधीपासूनच दिलेला असतो. रात्री दुकान बंद करताना तो लावून ठेवता येतो.

हार्ड डिस्कचे दुखणे मात्र गंभीर समजावे. फाईल उघडायला मिनिट-मिनिट लागणे, आतून टिक-टिक असा आवाज येणे, कॉपी करताना मध्येच अडकणे ही तिची लक्षणे आहेत. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा एक मोफत प्रोग्राम डिस्कची तब्येत एका शब्दात सांगतो. तिथे पिवळी किंवा लाल खूण दिसली की त्या क्षणी बाकी सर्व दुरुस्ती थांबवावी आणि प्रथम माल बाहेर काढावा, म्हणजे सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. मरू घातलेल्या डिस्कवर दुरुस्तीचे प्रोग्राम चालवले तर ती रात्रभर राबते आणि सकाळपर्यंत पूर्णच बसते. दुरुस्तीवाले घाईत हेच करतात.

आता चौथा प्रकार, कारण तो सर्वात स्वस्तात सुटतो. मदरबोर्डवर एका नाण्याएवढे सेल असते, त्याला सीआर २०३२ म्हणतात. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी ते संपते आणि मशीन सुरू केले की तारीख मागे, कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसते. बँक, जीएसटी, मेल या सर्व साइट आपली ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवतात आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. आपले घड्याळ जुने साल दाखवत असेल तर ब्राउझरला ते प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे वाटते आणि तो दार बंद करतो. व्यापारी समजतो की साइट बंद आहे किंवा लाइन खराब आहे. उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहावी. सेल कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळते.

तारीख बरोबर असूनही साइट आत घेत नसेल तर विंडोज आणि ब्राउझर यांचे वय पाहावे लागेल. यात लपवाछपवी नको, तारखा स्पष्ट आहेत. विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. एके काळी कित्येक सरकारी साइट त्याच्याशिवाय उघडत नसत, म्हणून त्याची सवय अजून काही मेहताजींना आहे. ती सोडली पाहिजे. गुगलच्या क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ आणि ८ साठी शेवटची ठरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून पुढे विंडोज १० लागते. एक्सपीवर तर क्रोम ४९ च्या पुढे गेलाच नाही. फायरफॉक्सने विंडोज ७ वाल्यांना जास्त काळ साथ दिली. त्याची ११५ ईएसआर ही आवृत्ती त्यावर चालते आणि क्रोमने हात काढून घेतल्यावरही तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहिल्या. म्हणून विंडोज ७ ठेवणे भागच असेल तर त्यावर क्रोमऐवजी हा फायरफॉक्स बरा. एक्सपीचे मशीन मात्र इंटरनेटला जोडूच नये. साइटवाल्यांनी आपले कुलूप बदलले आणि आपल्याकडे जुनीच किल्ली आहे. त्या दाराला कितीही धक्के मारले तरी ते उघडणार नाही.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे नुसता ब्राउझर नाहीसा होतो तेव्हा, संशय त्याच्या अंगावर चढलेल्या जादा सामानावर घ्यावा. मुलांनी कधीतरी उतरवलेली कूपन दाखवणारी पट्टी, व्हिडिओ उतरवणारे एक्सटेन्शन, हवामान सांगणारे आणखी काही, असे दहा पाहुणे आत बसलेले असतात. क्रोममध्ये इनकॉग्निटो खिडकी उघडून तेच काम करून पाहावे, कारण तिथे हे पाहुणे सहसा बंद असतात. फायरफॉक्स शिफ्टचे बटण दाबून धरून सुरू केला तर तो त्यांच्याशिवाय उघडण्याची परवानगी विचारतो. असा उघडल्यावर तो टिकला, तर सगळी एक्सटेन्शन काढून एक-एक परत घ्यावे. बहुतेकांची परत आठवणही येत नाही. तरीही पडत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमधले हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून पाहावे. जुन्या डिस्प्ले कार्डाचे आणि नव्या ब्राउझरचे पटत नाही, त्यातून पडदा काळा होणे किंवा ब्राउझर बंद होणे घडते. आणि दोन ॲन्टिव्हायरस एकाच मशीनवर कधीही ठेवू नयेत. एका गोडाऊनला दोन चौकीदार ठेवले आणि दोघे एकमेकांनाच चोर समजून अडवू लागले, तशी त्यांची गत होते.

एकच पान मरत असेल तर ती बहुधा मेमरीची तंगी आहे. दोन जीबी रॅमच्या मशीनवर व्हॉट्सॲप वेब, जीमेल, जीएसटी, बँक आणि सुरतच्या बाजाराचे भाव अशी पाच पाने एकदम उघडायची आणि मग तक्रार करायची, हे बरोबर नाही. क्रोम उघडा असताना शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की कोणते पान किती मेमरी खाते याची यादीच दिसते. रिटर्न भरताना फक्त रिटर्न भरावे. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तरीही हेच होते, कारण रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर जागा शोधते आणि तिथेही जागा नसते.

ई-मेलकडे येऊ. इथे पहिली चाचणी मोबाइलवर करायची. तोच मेल-पत्ता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावा. तिथे मेल आलेला असेल तर पेटी ठीक आहे आणि बिघाड कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये आहे. तिथेही आलेला नसेल तर पेटी भरली आहे काय ते पाहावे. जीमेलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून वाटली जाते. घरच्या लग्नाचे व्हिडिओ त्याच खात्यात चढले की पेढीचे मेल येणे बंद होते आणि पाठवणाऱ्याकडे ते परत जातात. धंद्याचा मेल-पत्ता घरच्या मोबाइलला जोडू नये, हे एवढ्यासाठी.

मेल जात नसेल तर आउटबॉक्स पाहावा. जीमेल २५ एमबीपेक्षा मोठा मेल पाठवू देत नाही, आणि जोडलेली फाईल पाठवताना जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे खरी मर्यादा १८-१९ एमबीचीच धरावी. शेडच्या नमुन्यांचे मोबाइलने काढलेले पाच-सहा फोटो एवढे सहज होतात. असा एक जाडा मेल आउटबॉक्सच्या तोंडाशी अडकला की त्याच्या मागचे सर्व अडकून राहतात. प्रोग्राम ऑफलाइन करून तो एक काढून टाकला की बाकीची रांग मोकळी होते.

"पासवर्ड बरोबर असूनही घेत नाही" ही तक्रार मला गेल्या काही वर्षांत सर्वात जास्त ऐकू आली. त्याचे कारण असे की ३० मे २०२२ पासून गुगलने जुन्या प्रोग्रामांना नुसत्या नाव-पासवर्डवर आत घेणे बंद केले. जुन्या आउटलुकसाठी आता दुपदरी तपासणी चालू करून गुगलच्या खात्यातून १६ अक्षरांचा एक वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो आणि नेहमीच्या पासवर्डच्या जागी तो टाकावा लागतो. हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जुनी पद्धत बंद केली. तिथे जुन्या प्रोग्रामचा मार्गच उरला नाही, ब्राउझरमधून मेल पाहावा किंवा नवा प्रोग्राम घ्यावा. विंडोज ७ वर थंडरबर्ड ११५ हा मोफत प्रोग्राम चालतो.

आणि मेलचा प्रोग्राम उघडताच कोसळत असेल तर त्याच्या साठ्याची फाईल फार मोठी झाली असण्याचा संभव आहे. आउटलुक एक्सप्रेसमध्ये प्रत्येक फोल्डरची फाईल २ जीबीपर्यंतच चालत असे, त्याच्या जवळ गेली की बिघडू लागे. मोठ्या आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांच्या पीएसटी फाईललाही २ जीबीचीच मर्यादा होती. नंतरच्या आवृत्त्यांत ती वाढली, पण जुनीच फाईल पुढे पुढे वापरत राहिलेल्यांच्या नशिबी जुनीच मर्यादा राहिली. आउटलुकसोबत स्कॅनपीएसटी नावाचा दुरुस्तीचा प्रोग्राम येतो. तो चांगला आहे, मात्र मूळ फाईलवर थेट चालवू नये. आधी तिची प्रत करून प्रतीवर चालवावा. आउटलुक एक्सप्रेस "मेसेज कॉम्पॅक्ट करू का" असे विचारून काम सुरू करतो, तेव्हा मध्येच वीज बंद करू नये. अर्धवट कॉम्पॅक्ट झालेले फोल्डर रिकामे निघाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

आता ते महत्त्वाचे काम.

मेल कॉम्प्युटरवर आणण्याच्या दोन पद्धती आहेत, पॉप आणि आयमॅप. आपल्या भाषेत सांगायचे तर पॉप म्हणजे ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून गाठी उचलून आपल्या गोडाऊनमध्ये आणणे. एकदा आणल्या की ट्रान्सपोर्टवाल्याकडे काही शिल्लक नसते. आयमॅप म्हणजे माल तिकडेच ठेवून आपण येथून तो पाहणे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी इंटरनेट महाग होते, सर्व्हरवर जागा थोडी मिळत असे, म्हणून बहुतेक पेढ्यांत मेल पॉपने जोडले गेले. त्याच्या सेटिंगमध्ये "सर्व्हरवर प्रत ठेवा" अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण नसेल तर आलेला प्रत्येक मेल सर्व्हरवरून पुसला जातो आणि त्याची जगातली एकमेव प्रत आपल्या टेबलाखालच्या त्या धुळकट डब्यात राहते.

दुरुस्तीवाला म्हणतो, "फिकीर करू नका, डी ड्राइव्हला हात लावत नाही, फक्त सी फॉरमॅट करतो." त्याची नियत साफ असते. पण मेलचा साठा डीमध्ये नसतो, तो सीमध्येच असतो, आणि तोही बऱ्याचदा लपवलेल्या फोल्डरमध्ये. आउटलुक एक्सप्रेसचा 'आयडेंटिटीज' नावाच्या फोल्डरमध्ये, २००७ पर्यंतच्या आउटलुकचा आणि थंडरबर्डचा वापरणाऱ्याच्या नावाखालील लपलेल्या फोल्डरमध्ये, त्यानंतरच्या आउटलुकचा 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायलीही सीमध्येच असतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि खुणाही तिथेच.

आमच्या ओळखीच्या एका ग्रे कापडाच्या व्यापाऱ्याचे असेच झाले. ब्राउझर सारखा बंद पडतो म्हणून सी फॉरमॅट झाला, ब्राउझर झकास चालू लागला, टॅली डीमध्ये होती ती वाचली. तीन महिन्यांनी बाहेरगावच्या एका पार्टीने ताक्यांच्या मीटरमध्ये तूट दाखवून मोठी रक्कम कापली. तूट किती टक्क्यांपर्यंत चालेल हे दोन वर्षांपूर्वी मेलवर ठरले होते, दोघांनाही ते आठवत होते, पण दाखवायला यांच्याकडे काही उरले नव्हते. पार्टीने आपला मेल शोधून द्यावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. अखेर दलालाने मध्ये पडून निम्म्यावर तोड केली.

ही केवळ भांडणाची बाब नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची वह्या-कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायची असतात, आणि आज कित्येक बिले, डेबिट नोटा फक्त मेलनेच येतात. कोर्टात मेल पुरावा म्हणून द्यायचा झाला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ पाहावे लागते. नुसता छापील कागद पुरत नाही, त्यासोबत ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. वकील मूळ मेल मागतो. तो असला तर पुढची बात.

म्हणून फॉरमॅटच्या आधी दुरुस्तीवाल्याला समोर बसवून सांगावे: मेलचा साठा, टॅलीचा डेटा, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, ब्राउझरच्या खुणा, डिजिटल सहीचा ड्रायव्हर आणि डोंगलची सीडी, इतके काढून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेव, आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून मला एक जुना मेल उघडून दाखव. "घेतला आहे" या शब्दावर सोडू नये. कापडाची गाठ आपण मोजल्याशिवाय ताब्यात घेत नाही. पेनड्राइव्हवर ही प्रत ठेवू नये, तो हरवतो आणि बिघडतोही. शक्य असेल तर पॉपऐवजी आयमॅप जोडून जुने मेल सर्व्हरवर चढवून द्यावेत, म्हणजे एका डब्यावरचा भार कमी होतो.

मग जुन्या मशीनचे काय करायचे, हा सवाल उरतो. माझे मत असे की त्याला दोन कामे सांगू नयेत. डोंगल, डिझाइन आणि जुन्या फायली त्याच्यावर राहू द्याव्यात आणि त्याची नेटची वायर काढून टाकावी. बँक, जीएसटी आणि मेल यांसाठी दुसरे मशीन असावे, मग ते जुन्या बाजारातले का असेना. घेताना त्यावर विंडोज ११ चालते की नाही, हे विचारावे. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. विक्रेता "चालवून देतो" म्हणतो, पण यादीबाहेरच्या मशीनवर चालवलेल्या विंडोजला पुढची अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आहे त्या मशीनचा वेगच हवा असेल तर फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवून घ्यावी, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. फक्त मेल आणि ब्राउझरसाठी वापरायचे असेल तर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती मोफत आहे आणि जुन्या मशीनवर ती बरी चालते. मात्र टॅली तिच्यावर सरळ चालत नाही. एकट्या मालकीची पेढी असेल तर जीएसटीचे विवरण मोबाइलवर आलेल्या ओटीपीने भरता येते. कंपनी आणि एलएलपीला डिजिटल सही लागते, त्यांनी लिनक्सच्या वाटेला जाण्याआधी सही तिथे चालते का ते पाहून घ्यावे.

दुरुस्तीच्या घाईत एक वेगळाच चोर आत येतो. ब्राउझर अडखळू लागला की पडदाभर लाल चौकट येते, आवाज होतो आणि "व्हायरस आला आहे, या नंबरवर फोन करा" असे लिहिलेले असते. ही चौकट विंडोजची नसते. फोन केला तर पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखा प्रोग्राम उतरवायला सांगतो आणि मशीन त्याच्या ताब्यात जाते. ब्राउझर बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून बंद करावा, तेही न जमल्यास मशीनच बंद करावे. तसेच "आमचे बँक खाते बदलले आहे" असा मेल ओळखीच्या पार्टीकडून आला तरी जुन्या नंबरवर फोन करून खातरजमा केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सरकारी नंबरवर तक्रार करावी. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत फिरतात आणि अडवणे कठीण होते.

जुने मशीन भंगारात देताना हार्ड डिस्क काढून घ्यावी. स्क्रूड्रायव्हरने चार स्क्रू काढायचे असतात. फॉरमॅट केलेल्या डिस्कवरूनही जाणकार माणूस फायली परत काढू शकतो, आणि तिच्यात आपले पॅन, चेकचे फोटो, पार्ट्यांचे दर सगळे असते. डिस्कवर वर्ष लिहून कागदात गुंडाळून ती जुन्या वह्यांच्या कपाटात ठेवावी.